उभं केलेलं भात

आमच्या घरी डॉक्टर येणार असले की आधी पेशंटला बरं करतात.

हे मला लग्न होऊन या घरात आल्यावर कळलं. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला, डावं अंग गेलं आणि जीभ जड झाली. तेव्हापासून नाक्यावरचा डॉक्टर दर रविवारी त्यांना बघायला घरी येतो. तो यायच्या आधी सासूबाईंची नुसती धांदल असायची. गरम पाण्यानं अंग पुसायचं, दाढी करायची, केसांना खोबरेल चोपडायचं, ट्रंकेतला पांढरा सदरा चढवायचा आणि पाठीला उशा, कुशीला लोड लावून त्यांना भिंतीशी बसवायचं. डॉक्टर दारात आला की सासरे बोहल्यावरच्या नवरदेवासारखे तयार.

"काय बाबा, कसं वाटतंय?"

"मस्त हाय," उत्तर सासूबाई द्यायच्या.

डॉक्टर नाडी बघायचा, त्याच गोळ्या चालू ठेवा म्हणायचा, चहा प्यायचा आणि जायचा. तो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला की उशा निघायच्या आणि सासरे आडवे होऊन डोळे मिटून घ्यायचे. मग दिवसभर ते कोणाशी बोलायचे नाहीत.

"आई, तो डॉक्टर आहे. त्याला आजारी माणूसच बघायचा असतो," मी म्हणायचे.

"आडव्या मानसाला भायेरच्यानं बघू न्हये," एवढंच त्या बोलायच्या. त्यांच्यापुढे माझं शहाणपण चालायचं नाही.

तशा त्या जगावेगळ्या नाहीत म्हणा. मी स्टेशनजवळ एका चष्म्याच्या दुकानात काम करते. डोळे तपासायला आलेली माणसं समोरच्या पाटीवरची अक्षरं दिसत नसली तरी अंदाजानं ठोकून देतात. एक गृहस्थ तर बाकावर नंबर लागायची वाट बघता बघता सगळी पाटी पाठ करून आत आले होते. परीक्षा पास झाल्यासारखे हसले, आणि चुकीच्या नंबरचा चष्मा घेऊन घरी गेले. आपलं वाईट झालेलं दुसऱ्याला दिसू नये, असं सगळ्यांनाच वाटतं. सासूबाईंना ते जरा जास्त वाटायचं, एवढंच.

माझं माहेर भाईंदर पूर्वेचं, केबिन रोडच्या मागच्या चाळीतलं. वडील रत्नागिरीहून आलेले. आमच्याकडे तांदूळ किराणावाल्याच्या गोणीतून यायचा आणि त्यापलीकडे तो कुठून येतो हे विचारायची गरज कोणाला पडली नव्हती. मग रूळ ओलांडून मला पश्चिमेला दिली. उत्तनच्या रस्त्यावरच्या एका गावात, आगऱ्यांच्या घरात. घराला शेत आहे म्हटल्यावर पूर्वेकडची माझी मैत्रीण खो खो हसली होती. "भाईंदरमध्ये शेत? कुठल्या मजल्यावर?"

पण शेत होतं. रस्ता आणि खाजणाची दलदल यांच्या मधली लांबट पट्टी, एका अंगाला मिठागराचं उघडं पाणी आणि पार पलीकडे, धुरकट हवेत तरंगल्यासारखे दिसणारे उंच टॉवर. आश्विनात भात पिकायला लागलं की वाऱ्यावर एक गोडसर वास यायचा. त्या दिवसांत कामावरून येताना मी बसमधून एक स्टॉप आधी उतरायचे आणि बांधावरून घरी जायचे. कोणी विचारलं तर पाय मोकळे करते म्हणायचे. खरं म्हणजे त्या पिवळ्या उजेडातून चालताना आपण कुठल्या गावात आहोत, कुठल्या सालात आहोत, हे मला आठवेनासं व्हायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत टॉर्च मारून आल्यावर ते फार बरं वाटायचं.

सासरे अंथरुणाला खिळल्यापासून शेत सासूबाईच एकट्या करत होत्या. मजूर बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत. माझा नवरा गोरेगावला कंपनीत जातो. त्याला सुट्टी मिळाली तर चिखलात उतरतो, पण त्याचं मन त्यात नाही आणि ते तो लपवतही नाही. शेताला लागून लग्नाचा एक लॉन झालाय. त्या लॉनवाल्याला गाड्या लावायला जागा हवी होती. तो अधूनमधून बांधावर यायचा आणि सासूबाईंना गोडीगुलाबीनं सांगायचा, "मौसी, किती दिवस मेहनत करणार? सोच लो. आरामसे घर बैठो."

शेवटी नवऱ्याने एक दिवस जेवताना सांगून टाकलं. यंदाचं पीक नीट हाती आलं तर पुढच्या वर्षी लावू. नाही आलं तर शेत लॉनवाल्याला द्यायचं, त्यावर परत चर्चा नको. सासूबाई सासऱ्यांना भरवत होत्या, त्यांनी पुढचा घास कालवला. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळ-संध्याकाळ शेतावर जायला लागल्या, नुसत्या उभ्या राहून परत यायच्या.

आणि पीक आलं हो. असं आलं की लॉनमध्ये लग्नाला आलेली वऱ्हाडी मंडळी भातात उभी राहून फोटो काढायची. कापणीच्या बायका ठरल्या, विळ्यांना धार लावून झाली, आणि आता कापायचं तर पाऊस परत आला. वाऱ्यासकट. सगळा गाव कित्येक दिवस करड्या पाण्यात बुडवून ठेवल्यासारखा होता. घराच्या मागच्या खिडकीतून मी बघायचे तर टॉवर पुसले गेलेले, मिठागर पुसलं गेलेलं, फक्त लॉनची एक लाल कमान अधांतरी दिसायची. पाऊस थांबला तेव्हा आमचं सगळं भात पाण्यात आडवं पडलं होतं. नवऱ्याने एक लोंबी उचलून तळहातावर धरली. दाण्यांना हिरवे मोड आले होते.

"झालं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्याचा सूर होता की काय, असं मला वाटलं आणि मला त्याचा राग आला.

दोन दिवसांनी गावाच्या ग्रुपवर मेसेज आला. सरकार पिकांचे पंचनामे करणार, नुकसान झालेल्या शेतकऱ्यांना मदत मिळणार. तलाठी बाई स्वतः येऊन फोटो काढतील, तोवर पीक आहे तसं राहू द्यावं. नवऱ्याने वाचलं, जरा विचार केला आणि न्यायाने वागला. "ठीक आहे. मदत आली तर बी आणि मजुरी सुटेल. पुढच्या वर्षी लावू. नाही आली तर मात्र लॉन." म्हणजे सासूबाईंचं शेत आता त्या फोटोवर येऊन ठेपलं होतं.

त्यांना मेसेज मीच वाचून दाखवला, शब्दन् शब्द.

"सायेब सोता येनार?" त्यांनी विचारलं.

"हो. बाई आहेत."

"शेतान उतरनार?"

"उतरणार, फोटो काढणार."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, कळलं. कळलंच होतं, पण त्यांच्या पद्धतीनं.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांचं जेवण घेऊन शेतावर गेले. बांधावर पोचले आणि डबा हातात धरून तशीच उभी राहिले. अर्ध्या शेतातलं भात उभं होतं. चार-पाच रोपं एकत्र धरायची, पाण्यातून उचलायची, कमरेशी एकमेकांना टेकवून चिंधीनं बांधायची, अशी झुपक्या-झुपक्यानं उभी केलेली. आडवं झालेलं भात इकडे असं उचलतात, दाणा पाण्याखाली कुजू नये म्हणून, हे मला माहीत होतं. पण आता काय कुजायचं राहिलं होतं? चिंध्या त्यांच्या जुन्या लुगड्यांच्या होत्या. जांभळ्या, हिरव्या, एक लग्नातली असावी अशी लाल. ढगातून गाळून आलेला उजेड होता, पाणी हलत नव्हतं, आणि रंगीबेरंगी पट्टे बांधलेलं ते सोनेरी भात आपल्याच सावलीवर उभं होतं. सासूबाई गुडघाभर चिखलात वाकलेल्या, कंबरेला चिंध्यांचा पुंजका खोचलेला.

"आलीस? ती जुनी ओढनी हाय ना तुजी, ती फाड," त्या मान वर न करता म्हणाल्या.

आणि मी डोक्याला बांधलेली ओढणी सोडून फाडली. खरंच सांगते, मेसेज मीच वाचला होता, तरी त्या दुपारी तो माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. मी साडी खोचली आणि पाण्यात उतरले. पाणी कोमट होतं. हाताखाली ओली रोपं लहान मुलासारखी लुळी पडायची आणि बांधली की सरळ उभी राहायची. पलीकडे लॉनमध्ये कोणीतरी माईक तपासत होतं, हॅलो, हॅलो, आणि तो आवाज पाण्यावरून दूर दूर जात होता. कोणी विचारलं असतं की हे कशासाठी करताय, तर मला सांगता आलं नसतं. आयुष्यातल्या अगदी थोड्या दुपारी मी इतकी सुखी होते.

संध्याकाळी आम्ही दोघी बांधावर बसलो. सगळं शेत उभं होतं.

"आता येऊ दे कोनाला येयाचंय ते," सासूबाई म्हणाल्या.

तलाठी बाई आल्या त्या दिवशी नवऱ्याने रजा घेतली होती. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, म्हणून त्यांनाही आणायचं ठरलं. सकाळपासून दाढी, सदरा, खोबरेल, सगळं झालं. त्यांना रिक्षात घालून आणलं आणि बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, डाव्या बाजूला उशी खोचून. ऊन पडलं होतं, आणि पाण्याची वाफ होऊन सगळीकडे विरळ धुकं धरल्यासारखं दिसत होतं. त्यातून पायात गमबूट, डोक्याला ओढणी गुंडाळलेली एक तरुण मुलगी चालत आली. तीच तलाठी. घाटावरची होती, बोलण्यावरून कळलं.

"अरे वा! मावशी, किती छान उभंय तुमचं पीक," ती म्हणाली.

सासूबाई लाजल्या. नवऱ्याने शेताकडे तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"आई, काय केलंस हे? पडलेल्या पिकाचा फोटो काढायचा होता ना!"

मुलीने एक लोंबी वाकवून बघितली. मोड आलेले, काळे पडलेले दाणे तिच्या बोटांवर आले. ती वाईट नव्हती. "दाणा गेलाय, मला दिसतंय की. पण फोटोत नाही दिसत, मावशी. फोटोत पीक उभं आहे. वर बसलेल्यांनी बघितलं तर म्हणतील, मदत कशाला?" तिने लोंबी सोडली. "एक करा. हे बांधलेलं सोडा. होतं तसं पडू द्या. मी पुढची शेतं करून परत येते."

ती गेली. नवरा पॅन्ट दुमडून पाण्यात उतरायला लागला.

"हात नको लावूस," सासूबाई म्हणाल्या.

"आई, पाच मिनिटांचं काम आहे."

"मी उभा केलाय. मी न्हाय पाडनार. कोनाला पाडू पन न्हाय देनार."

"मग दे लॉनवाल्याला!" तो ओरडला. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थबकून बघायला लागली. सासूबाई बांधावर उभ्या होत्या, हातात विळा. रडत नव्हत्या. मला त्यांचा संताप आला होता आणि त्यांना मिठी मारावीशीही वाटत होती. शेत जाणार होतं, त्यांच्या हट्टानं जाणार होतं, आणि तरी त्यांचं मला सगळं पटत होतं. ज्याला एवढं उचलून उभं केलं, त्याला परत चिखलात कसं लोटायचं?

खुर्चीत सासरे डावीकडे घसरत होते. मी उशी सारखी करायचे, ते पुन्हा कलायचे. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. सकाळपासून ते बसूनच होते, कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"निजव," ते म्हणाले.

त्यांची जीभ इतकी जड झाली होती की शब्द ओळखायला वेळ लागायचा. हा मात्र स्वच्छ ऐकू आला.

"सायेब परत येनार हाय. जरा दम धरा," सासूबाई म्हणाल्या.

"निजव गो मना." त्यांनी चांगला हात उचलला आणि सदऱ्याच्या गळ्याशी नेला. "बसून बसून... दमलो."

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग वळून भाताकडे बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे. शेवटी विळा खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "धर खांद्याला."

आम्ही त्यांना बांधावरच्या गवतावर, गोणपाटावर निजवलं. डोक्याखाली उशी दिली, सदऱ्याची वरची बटणं सोडली. त्यांनी लांब श्वास सोडला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, डोळे मिटले. रस्त्यावरची माणसं बघत होती. मला वाटलं, सासूबाई आता पदरानं त्यांचा चेहरा झाकतील. त्यांनी झाकला नाही. त्या विळा घेऊन पाण्यात उतरल्या.

एक चिंधी कापायची, झुपका दोन्ही हातांनी धरायचा आणि हळूहळू पाण्यावर टेकवायचा. एकही रोप त्यांनी धाडकन सोडलं नाही. नवरा मुकाट्याने दुसऱ्या टोकाला उतरला. तोही तसंच करायला लागला, आईकडे बघत बघत. मीही उतरले. लाल, जांभळ्या चिंध्या पाण्यावर तरंगत राहिल्या आणि शेत पुन्हा आडवं झालं.

तलाठी मुलगी परत आली. तिने शेताचे फोटो घेतले, मग म्हणाली, "आता एक शेतकऱ्यासोबत घ्यावा लागेल. शेतकरी कुठे आहेत?"

"बाबांना बसवतो, एक मिनिट," नवरा खुर्चीकडे धावला.

"ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. त्या सासऱ्यांच्या उशाशी जाऊन बसल्या. "असाच काढ, बाय."

मुलीने फोन आडवा धरला. त्या फोटोत अलीकडे सासरे निजलेत, पलीकडे भात निजलंय आणि मधे सासूबाई बसल्यात, चिखलाचे हात मांडीवर ठेवून. कॅमेऱ्याकडे सरळ बघतायत. तो फोटो सरकारकडे कुठेतरी असेल. आमच्याकडे नाही.

मदत आली. उशिरा आली, लोक म्हणतात तशी अपुरीही होती, पण बी आणि मजुरी सुटली. नवऱ्याने शब्द पाळला. लॉनवाल्याला नाही म्हणून सांगितलं आणि यंदा पुन्हा लावणी झाली. आता मी परत एक स्टॉप आधी उतरते.

पण मला सांगायचाय तो फोटोनंतर लगेच आलेला रविवार. मदतीचं तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं. डॉक्टर यायची वेळ झाली म्हणून सवयीनं मी गरम पाणी काढलं, ट्रंकेतून सदरा काढला, उशा गोळा करून खोलीत गेले. सासूबाई सासऱ्यांच्या पायाशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या उशा घेतल्या आणि बाजूला ठेवून दिल्या.

"बघू दे त्याला," त्या म्हणाल्या.

डॉक्टर आला. आडव्या सासऱ्यांकडे बघून दारातच थांबला.

"काय झालं? आज तब्येत जास्त बिघडलीय का?"

"आज न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "पयल्यापासून असाच हाय." त्यांनी हलक्या हातानं सासऱ्यांना कुशीवर वळवलं, अंगातला बनियन वर केला आणि पाठीवरची, पडून पडून झालेली जखम दाखवली. मग सांगायला लागल्या. पाणी पिताना ठसका लागतो. बसवलं की डावा खांदा दुखतो. रात्री रडतात. सांगताना त्यांचा आवाज फुटत होता, पण त्या थांबत नव्हत्या. डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसला, त्याने खिशातून पेन काढलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा चहा गार झाला.